पाचवा अर्थ

"सर, हे जोडायचंच का?" माधवने विचारलं.

टाइपरायटरवरची बोटं त्याने उचलली होती आणि माझा दाखला तो वाचत होता. गुरुवारी दुपारी शिक्षकांच्या खोलीत आम्ही दोघंच होतो. एप्रिलचं ऊन वरच्या पत्र्यावर तडतडत होतं आणि माझ्या सदऱ्याची पाठ घामाने चिकटली होती. मी म्हणालो, "का? फाटलाय?" तो म्हणाला, "फाटला नाही सर. पण यात फेअर लिहिलंय. गुड नाही, व्हेरी गुड नाही. साहेब लोक फेअर केव्हा लिहितात ते... म्हणजे समितीत कुणी जाणकार असला तर उगाच..." आणि वाक्य त्याने तिथेच सोडून दिलं. अर्धी वाक्यं सोडायची ही सवय त्याला पुण्याला बी. टी.ची शिक्षकी पदवी घेताना लागली. माझ्या वर्गात चौथ्या बाकावर बसायचा तेव्हा कर्ता, कर्म, क्रियापद आणि पूर्णविराम झाल्याखेरीज त्याची सुटका नसे. मी म्हणालो, "जोडायचंच. टाइप करा, माधवराव." एरवी मी त्याला अरे-तुरे करतो. राव लावला की त्याचे कान लाल होतात, हे मला चांगलं माहीत आहे. कान लाल झाले. त्याने कोरा कागद सरकवला, दाखला शेजारी ठेवला आणि चार अक्षरांचा तो शब्द चार टिचक्यांत उमटवून मोकळा झाला.

हेडमास्तर तीस तारखेला निवृत्त होणार होते. त्यांच्या जागेसाठी अर्ज दोनच, एक माझा आणि एक याचा. टाइपरायटर चालवता येणारा शाळेत हाच एकटा, म्हणून दोन्ही अर्जांचे कागद याच्याच हाती. सर्जेपुऱ्याजवळच्या या शाळेत मी एकोणतीस वर्षं इंग्रजी शिकवतो आहे, हा तीन वर्षं. अर्ज करताना मला येऊन सांगून गेला होता, "अध्यक्ष शेटजींनी भरीला घातलं म्हणून केला सर. जागा तुमचीच आहे." जागा तुमचीच आहे म्हणे! माझीच असती तर तू अर्ज कशाला केलास, बाबा? रविवारी सकाळी समिती बसून काय ते ठरवणार होती. जागा याला गेली तर निवृत्तीपर्यंतची पुढची सहा वर्षं, ज्याला मी 'आय हॅज' आणि 'आय हॅव' यातला फरक तळहातावर छडी मारून शिकवला, त्याच्या टेबलापुढे मी रजेचा अर्ज घेऊन उभा राहणार. तो मान तिरकी करून म्हणणार, बसा ना सर. त्या 'बसा ना'ची मला आतापासूनच किळस येत होती. आणि आता हा दाखला जोडू नका म्हणून सांगत होता! माझ्याकडे गोऱ्या साहेबाच्या सहीचा एकच कागद, याच्याकडे पदव्यांची चळत. माझा एकुलता एक कागद काढून घ्यायचा आणि तेही माझीच काळजी असल्यासारखं बोलून. मी त्याला एवढं हुशार करायला नको होतं.

दाखला बावीस सालचा आहे. मॉर्टनसाहेब तपासणीला आले होते तेव्हाचा. 'मिस्टर एन. गंधे. टीचिंग ऑफ इंग्लिश : फेअर.' खाली साहेबाची लांब शेपटीची सही. चोवीस वर्षं हा कागद मी पत्र्याच्या नळकांड्यात गुंडाळून ठेवला आहे. दर दसऱ्याला पुस्तकांबरोबर तो बाहेर काढतो आणि त्याला हळदकुंकू वाहतो. हे सांगायला आता लाज वाटते, पण वाहतो. कारण फेअर या शब्दाविषयी माझ्या मनात लहानपणापासून काडीचीही शंका नव्हती. माझे वडील जामखेडच्या कचेरीत कारकून होते. मामलेदाराने सांगितलेला मजकूर आधी ते खाडाखोड करत भराभर उतरवत, आणि मग दिवा जवळ ओढून, टाकाला नवी निफ घालून, ओठ मिटून तो पुन्हा लिहून काढत. त्याला ते 'फेअर करणं' म्हणत. फेअर चाललं असताना घरात कुणी मोठ्याने खोकायचं नाही. आमच्या शाळेतही प्रत्येक मुलाच्या दप्तरात दोन वह्या असतात. रफ वहीत चुका, शाईचे डाग, मागच्या पानावर माकडांची चित्रं. फेअर वहीला तपकिरी कागदाचं कव्हर, लाल समास, आणि तिच्यात एक अक्षर खोडलं तरी पान फाडायचं. रफच्या उलट ते फेअर. ज्यात आता दुरुस्तीला जागा नाही ते फेअर. साहेबाने माझ्या शिकवण्याला फेअर म्हटलं, तेव्हा मला दुसरं काय वाटणार होतं?

वाटायला हवं होतं. मीच तर मुलांना अर्थ पाठ करायला लावतो. माझ्या शब्दांच्या वहीत फेअरचे सहा अर्थ ओळीने आहेत आणि मॅट्रिकचा वर्ग ते पाढ्यासारखे म्हणतो. एक, गोरा. दोन, न्याय्य. तीन, स्वच्छ, निर्मळ. चार, जत्रा. पाच, मध्यम, बेताचा. सहा, वारा असल्यास अनुकूल. एकोणतीस वर्षं मी हे म्हणवून घेतो आहे. पाचव्या अर्थाला वाक्यसुद्धा मीच करून दिलेलं आहे, हिज प्रोग्रेस इज फेअर, त्याची प्रगती बेताचीच आहे. हे वाक्य मी फळ्यावर लिहायचो, हात झटकायचो आणि घरी जाऊन नळकांड्यातल्या कागदावर हळदकुंकू वाहायचो. एका खोलीतला शब्द दुसऱ्या खोलीत जातच नव्हता.

शाळा सुटल्यावर मी कापडबाजारातून घरी निघालो. छत्री उघडायचं भान राहिलं नाही. भिंगारकडे जाणारे लष्कराचे ट्रक धूळ उडवत चालले होते. लढाई संपून वर्ष होत आलं तरी यांचं येणंजाणं संपत नाही. कोपऱ्यावर सरकारी धान्याचं दुकान आहे. तिथे पिशव्या घेऊन बायाबापड्यांची रांग लागलेली होती आणि वर इंग्रजीत पाटी, फेअर प्राइस शॉप. मी त्या पाटीपुढे उभाच राहिलो. गेली तीन वर्षं मी ही पाटी रोज वाचत होतो आणि दुसरा अर्थ, न्याय्य, असं मनात म्हणून पुढे जात होतो. आता मला ते बेताचं दुकान दिसलं. आत बेताची ज्वारी, निम्मे खडे, आणि बेताचं माप. रांगेतली एक बाई म्हणाली, "ओ मास्तर, मधी घुसू नका, मागं जावा." मी म्हणालो, "मला घ्यायचं नाही काही." ती म्हणाली, "मंग वाट कशापाई आडवताय?" मला तिच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. मी बाजूला झालो. बाजूला होणं मला फार चांगलं जमतं, साहेबालाही ते एका तासात दिसलं असेल.

घरी माझी बायको अंबिका गहू निवडत बसली होती. "आज चेहरा का असा?" तिने विचारलं. मी सांगणार नव्हतो. चहा पिताना सांगून टाकलं, तेही माधवला शिव्या देण्याच्या निमित्ताने. मला वाटलं होतं, ती त्याला बोल लावेल. ती सुपातले खडे वेचत राहिली आणि मग म्हणाली, "म्हणजे तुम्हाला आत्ता कळलं?" "काय आत्ता कळलं?" "त्या शब्दाचं." मी कप खाली ठेवला. आमच्या घरात हा शब्द सव्वीस वर्षं आहे आणि तो तिच्या अंगावर टाकण्याचं काम माझं आहे. आमचं लग्न ठरलं ते तिच्या मामांच्या पत्रावरून. मामा खर्ड्याला पोस्टमास्तर होते. मुलगा इंग्रजी शिकवतो म्हणून मामांनी पत्र इंग्रजीत लिहिलं, आणि त्यात लिहिलं, द गर्ल इज फेअर. मुलगी पाहायला वडील आणि काका गेले होते. मुलाने स्वतः जायचं आमच्या घरात नव्हतं. वडिलांना विचारलं तर म्हणाले, नाकीडोळी नीटस आहे, आणि विषय संपला. मी मात्र पत्रातल्या त्या एका शब्दावर दोन महिने काढले. अंतरपाट दूर झाला तेव्हा पहिल्यांदा मला हार धरलेले तिचे हात दिसले. सावळेसुद्धा म्हणता येणार नाहीत असे. तेव्हापासून मी मामांना लबाड पोस्टमास्तर म्हणत आलो आहे, तिच्यादेखत, पाहुण्यांदेखत, मामा गेले त्या दिवशीसुद्धा.

"मामांनी खोटं नव्हतं लिहिलं," अंबिका म्हणाली. "मी मामांकडे पोस्टातच वाढले. पार्सलं यायची ना, त्यावर मामा शेरा मारायचे. गुड, फेअर, नाहीतर डॅमेज. मला मोठ्याने वाचून दाखवायचे. फेअर म्हणजे काय, मी विचारलं होतं त्यांना. म्हणाले, बाळ, फेअर म्हणजे बरं. फुटलेलं नाही, सांडलेलं नाही, घेऊन जायला हरकत नाही." तिने सूप पाखडलं. "मुलगी बरी आहे असं लिहिलं त्यांनी. तुम्ही गोरी वाचलंत." मी म्हणालो, "मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?" ती म्हणाली, "तुम्ही इंग्रजीचे मास्तर. मी काय सांगणार?" तिच्या आवाजात चीड नव्हती. तिने ती कधीच वापरून टाकली असावी, आणि मला तिचा भयंकर राग आला. सव्वीस वर्षं हिच्याजवळ बरोबर अर्थ होता आणि ती पोळ्या लाटत राहिली. मी ओरडलो, "मग साहेबही काय पार्सल तपासायला आला होता?" ती म्हणाली, "डॅमेज नाही लिहिलं त्याने. तेवढं बघा." आणि सूप घेऊन आत गेली. मी एकटाच ओसरीवर बसलो. उरलेल्या चहावर साय धरली होती.

शुक्रवारी मॅट्रिकच्या वर्गात मी काही न ठरवता म्हणालो, "फेअर, म्हणा." बेचाळीस गळ्यांनी सुरुवात केली. एक, गोरा. दोन, न्याय्य. माझं लक्ष मागच्या भिंतीकडे गेलं. मॉर्टनसाहेबासाठी खुर्ची तिथेच ठेवली होती. त्या दिवशीची एकूण एक गोष्ट मला आठवते, किंवा आठवते असं मी मानत आलो. मी शब्दयोगी अव्ययांचा धडा घेतला होता. दोन रात्री तयारी केली होती, मुलांना उत्तरं आधीच देऊन ठेवली होती, कुणी केव्हा हात वर करायचा तेही. साहेब गुडघ्यावर हॅट ठेवून बसला होता आणि डोळे मिटून ऐकत होता. किती एकाग्रतेने ऐकत होता, हे मी कितीजणांना सांगितलं असेल! तीन, स्वच्छ, निर्मळ, पोरं ओरडत होती. आणि चोवीस वर्षांनी मला दिसलं की साहेबाचं तोंडही उघडं होतं. तो जांभई देत होता. एकदा नाही, दोनदा. दुसऱ्यांदा त्याने हॅट तोंडापुढे धरली. चार, जत्रा. मी तेव्हाच पाहिलं होतं. पाहिलं, आणि त्याच तासाला, उरलेली अव्ययं फळ्यावर लिहिता लिहिता, त्या जांभईचं एकाग्र ऐकणं करून टाकलं. अगदी वडील करायचे तसं, ओठ मिटून, खाडाखोड दिसणार नाही असं. "बस," मी ओरडलो. "पुरे." पण बेचाळीस पोरं एकदम थांबत नाहीत. पाच, मध्यम, बेताचा, असं म्हणूनच ती थांबली.

म्हणजे मला माहीत होतं. माधवने मला नवीन काही सांगितलंच नव्हतं, आणि त्याच्यावर माझा राग होता तो यासाठीच. कुणी आपल्याला न ठाऊक असलेली गोष्ट सांगितली तर माणूस फार तर ओशाळतो. शनिवारचा सगळा दिवस मी आपण होऊन त्याच्याशी बोललो नाही. तो एकदा माझ्या टेबलाशी येऊन म्हणाला, "सर, अर्जाचे कागद मी अजून दिलेले नाहीत. दाखला काढायचा असेल तर..." मी म्हणालो, "तुम्हाला त्याची फार धास्ती दिसते." "मला?" "नाहीतर कुणाला? तुमच्याकडे साहेबाचा एक तरी कागद आहे?" त्याने हातातले कागद सारखे केले. मग म्हणाला, "नाही सर," आणि गेला. पाठमोरा जाताना तो मला अगदी कोवळा दिसला आणि तेही मला खपलं नाही. दाखला काढून टाकणं शहाणपणाचं होतं. तसं अंबिकाही म्हणाली. पण काढला असता तर माझ्याच हाताने मी तो वाचला, असं झालं असतं. समितीतल्या कुणाला काय वाचायचं ते वाचू दे. पाच जणांत इंग्रजी येणारे एकटे वकीलसाहेब, आणि ते फेअर शब्दाकडे बघून कपाळाला आठी घालतील, की तसेच पुढे जातील, एवढीच काय ती शंका होती. हेडमास्तरची खुर्ची त्या एका आठीवर होती.

रविवारी साडेनऊला शाळेचा शिपाई बाबाजान मला आत बोलवायला आला. हेडमास्तरांच्या खोलीत टेबलामागे समिती बसली होती. वकीलसाहेबांची खुर्ची रिकामी होती. माधव आधीच एका बाजूला बसला होता. अध्यक्ष रंगनाथशेठ कापडाचे मोठे व्यापारी, त्यांच्या समोर माझे कागद पसरलेले होते आणि ते एकेका कागदाचं टोक चिमटीत धरून पोत बघितल्यासारखं करत होते. "या मास्तर, बसा," ते म्हणाले. "वकीलसाहेब हिवतापाने पडलेत, हेडमास्तरही गावी गेलेत. त्यामुळे इंग्रजीशी आमचं गाडं अडलंय. हा साहेबाचा कागद दिसतो. यात काय म्हटलंय ते सभेच्या पुस्तकात मराठीत लिहायचंय. तुमचं तुम्हीच सांगणं काही बरं दिसणार नाही." त्यांनी कागद दुसऱ्या बाजूला सरकवला. "माधवराव, तुम्ही सांगा."

"व्हय," काष्टीचे सूर्यभान पाटील म्हणाले. शाळेच्या नव्या खोल्या त्यांच्या देणगीतून बांधलेल्या आहेत, त्यामुळे ते पाय वर घेऊन बसतात. "समद्यांला कळंल आसं सांगा."

माधव उभा राहिला. उभं राहायची गरज नव्हती. मी त्याच्या तोंडाकडे पाहत होतो.  त्याने एकच शब्द बोलायचा होता, खराच शब्द, आणि खुर्ची त्याची. मी असतो तर बोललो असतो. मनापासून सांगतो, एक क्षणही थांबलो नसतो. त्याने कागदाकडे नीट पाहिलंही नाही. तो म्हणाला, "यात लिहिलंय, गंधे सरांचं इंग्रजी शिकवणं निर्मळ आहे."

कुणीतरी "वा" म्हणालं. सभेचं पुस्तक उघडून बसलेल्या चिटणीसांनी टाक दौतीत बुडवला. माझ्या अंगातून आधी सुटकेची एक लाट गेली, आणि तिच्यामागोमाग असा संताप आला की कानशिलं ठणकायला लागली. हा मला भीक घालत होता. माझ्याच वहीतला तिसरा अर्थ काढून, माझ्यासमोर, माझ्याच ओंजळीत टाकत होता, आणि पुढची सहा वर्षं रोज त्याच्या डोळ्यांत मला ते दिसणार होतं की गंधे मास्तर या खुर्चीवर माझ्यामुळे बसलाय. माधव पुढे बोलायला लागला होता. "आणि मला स्वतःला असं सांगायचंय की..."

"चूक," मी म्हणालो.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी केव्हा उभा राहिलो ते मला कळलं नाही. माझा आवाज वर्गातला होता. "तिसरा अर्थ इथे लागत नाही. शेरा म्हणून आला की पाचवा लागतो. मध्यम. बेताचं. किती वेळा सांगितलं होतं? खाली बस."

तो खाली बसला. एकोणतीस वर्षांचा, बी. टी. झालेला माणूस, पण मी बस म्हटल्याबरोबर बसला. चिटणीसांचा टाक तसाच वर राहिला आणि त्यातून शाईचा थेंब पानावर पडला. मला छाती भरून श्वास घेता आला. जागा गेली, हे मला स्वच्छ दिसत होतं, आणि बरं वाटत होतं. माझी जागा माझ्याच तोंडाने गेली, दुसऱ्या कुणाच्या नाही.

"मध्यम म्हंजी?" सूर्यभान पाटलांनी विचारलं. "येवस्थित सांगा की, मास्तर."

"म्हणजे फार चांगलं नाही आणि फार वाईटही नाही," मी म्हणालो. "चालण्यासारखं."

पाटलांनी मांडीवर थाप मारली. "मंग बेस हाय की! आवो शेट, आमी काष्टीच्या बाजारात बैल घेतो का न्हाई, तवा लई तेज जनावर कवाच घेत न्हाई. ते दाव्याला ऱ्हात न्हाई. ह्यो माधवराव हुशार हाय, आपुन मानलं. पर उद्या ह्यो पुन्याला जाईल, परवा मुंबईला, आन् आमी बसू पुन्हा हेडमास्तर हुडकत. मास्तर कुटं जात्यात आता?" सगळे हसले. हसण्यात काही वाईट नव्हतं. रंगनाथशेठ म्हणाले, "खरं आहे पाटलांचं. आमच्याही दुकानात रेशमी शोभेला टांगायचं आणि मधल्या प्रतीचं विकायचं. टिकतं तेच. आणि मास्तर खरं बोलले, ही गोष्टसुद्धा काही लहान नाही." उरलेले दोन सभासद काहीच बोलले नाहीत, ते नेहमीच बोलत नाहीत. चिटणीसांनी शाईचा थेंब टिपला आणि त्याच्या बाजूने लिहायला सुरुवात केली. "मास्तर, तुमची हरकत नाही ना?" शेटजींनी विचारलं. मला त्या टेबलावरची दौत उचलून त्यांच्या पांढऱ्या कोटावर फेकावीशी वाटत होती. माझ्याबद्दल त्यांचं मत मॉर्टनसाहेबासारखंच होतं, आणि ते त्यांनी जांभई न देता, हसत, कौतुकाने सांगितलं होतं. मी हात जोडले आणि म्हणालो, "आभारी आहे."

बाहेर व्हरांड्यात बाबाजानने मला सलाम केला. "मुबारक हो मास्तरसाब. आता पेढे पाहिजेत." मी मान हलवली. माधव जिन्याच्या तोंडाशी कठड्याला टेकून उभा होता, बहुधा माझ्यासाठीच थांबला होता. वाकून नमस्कार करायला लागला तशी मी पाय मागे घेतले. "तुला अर्थ ठाऊक होता," मी म्हणालो. "गुरुवारी तूच मला सांगत होतास. मग आत खोटं का बोललास? दया आली?"

"साहेबाने काय म्हटलं ते ठाऊक होतं सर," तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते, पण तो माझ्या डोळ्यांत बघत होता. "पण शेटजींनी मला विचारलं. साहेब तुमच्या वर्गात एक तास बसला होता. मी चार वर्षं बसलो होतो."

 तो चपला सरकवून जिना उतरला. खालच्या चौकातून तो फाटकाकडे जाताना दिसत होता, उन्हात, डोक्याला काही न बांधता. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. मी कठडा दोन्ही हातांनी धरून ठेवला होता. माझं डोकं परत परत एकाच गोष्टीवर येत होतं, आणि राग धरायला आता दुसरं कुणी उरलं नव्हतं. हे वाक्य त्याने आत, त्या सगळ्यांसमोर म्हणायला हवं होतं. तो म्हणणारच होता. मी त्याला खाली बसवलं.